एक इलेक्ट्रॉन गेल्यावर

पाण्याच्या वाफेतून एक प्रोटॉन अगदी सावकाश जाऊ दिला आणि नंतर तितक्याच सावकाश हेलियमचा एक आयन जाऊ दिला, तर दोघांच्या वाटेत आलेल्या पाण्याच्या रेणूंचे काय होते? प्रोटॉन म्हणजे आपला एकुलता एक इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजनचा अणू. हेलियमचा हा आयन म्हणजे दोनांपैकी एक इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियमचा अणू. दोघांवरचा विद्युतभार सारखाच, धन एक. दोघेही रेणूजवळून जाता जाता त्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतात आणि उदासीन होऊन पुढे जातात. प्रोटॉनला इलेक्ट्रॉन दिलेला रेणू धनभारित होतो, पण शाबूत राहतो. हेलियमला इलेक्ट्रॉन दिलेला रेणू मात्र दहापैकी जवळजवळ नऊ वेळा फुटतो. कधी त्यातला एक हायड्रोजन सुटतो आणि ओएच आयन मागे राहतो. कधी ओएच उदासीन राहतो आणि हायड्रोजनच आयन होऊन निघून जातो. प्रोटॉन असो की हेलियम, दोन्ही वेळा रेणूशी पडलेली गाठ तितकीच हलकी होती, आणि नेलेला इलेक्ट्रॉनही एकच होता.

हा फरक कुठून आला, हे समजून घेण्यासाठी पुढची प्रकरणे लिहिली आहेत. उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण ते लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. इलेक्ट्रॉन किती गेले यापेक्षा कोणता गेला, यावर रेणूचे पुढचे सारे ठरते. टक्कर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आघात येतो, आघाताने झालेले तुकडे येतात. इथे आयन रेणूला बहुतेक वेळा शिवतही नाही. तो दुरून जातो, काहीतरी घेऊन जातो, आणि रेणू मोडतो तो गेलेल्या गोष्टीच्या अभावामुळे. ही कल्पना मनात पक्की बसली, तर धूमकेतूमधून येणारे क्ष-किरण आणि कर्करोगाच्या गाठीवर सोडलेला प्रोटॉनांचा झोत या वरवर काहीही संबंध नसलेल्या गोष्टी एकाच विषयाची दोन टोके आहेत हे ध्यानात येते.

आधी पाण्याचा रेणू नीट पाहू. त्यात एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन आणि एकूण दहा इलेक्ट्रॉन असतात. ऑक्सिजनपासून प्रत्येक हायड्रोजन ०.९६ अँगस्ट्रॉमवर, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून थोड्या कमी अंतरावर असतो आणि दोन बंधांमधला कोन १०४.५ अंशांचा असतो. दहा इलेक्ट्रॉन दोन-दोनच्या जोड्यांनी पाच पातळ्यांवर बसलेले असतात. सर्वांत बाहेरच्या जोडीतला एक इलेक्ट्रॉन काढायला १२.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, तिच्या आतल्या जोडीतला काढायला सुमारे १४.८, तिसरीतला काढायला १८.५, चौथीतला काढायला सुमारे ३२, आणि सर्वांत आतली जोडी ऑक्सिजनच्या केंद्राला इतकी घट्ट बिलगलेली असते की तिच्यातल्या एका इलेक्ट्रॉनसाठी जवळजवळ ५४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोजावे लागतात. (एका व्होल्टच्या फरकातून जाताना इलेक्ट्रॉनला जितकी ऊर्जा मिळते तितका एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पाण्यातला एक ओएच बंध तोडायला साधारण पाच लागतात, हे तुलनेसाठी लक्षात ठेवावे.)

या पाच जोड्यांची कामे वेगवेगळी आहेत. पहिली, सर्वांत बाहेरची जोडी ऑक्सिजनचीच असते. बंध सांभाळण्यात तिचा वाटा जवळजवळ नाही. तिच्यातला एक इलेक्ट्रॉन गेला तरी रेणूचा आकारसुद्धा फारसा बदलत नाही. दुसऱ्या जोडीवर बंधांमधला कोन अवलंबून असतो. तिथला इलेक्ट्रॉन गेला की वाकलेला रेणू सरळ रेषेत यायला बघतो, जोरात थरथरतो, पण तुटत नाही. तिसरी जोडी मात्र ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांना बांधून ठेवणारी आहे. तिच्यात एक जागा रिकामी झाली की शंभरांतले जेमतेम आठ रेणू टिकतात. सुमारे सत्तर ओएच आयन देऊन फुटतात, उरलेले हायड्रोजनचा आयन देऊन. चौथ्या जोडीतला इलेक्ट्रॉन गेल्यावर तर एकही शाबूत उरत नाही. चारांपैकी तिनांतून हायड्रोजनचा आयन बाहेर पडतो, एकातून ऑक्सिजनचा. कौलारू घराची चार कौले उतरवली तर घर उभे राहते, पाऊस आत येतो एवढेच. आढे काढले तर सगळे छप्पर खाली येते. हे आकडे १९७८ साली प्रकाशित झालेल्या इलेक्ट्रॉन-टक्करींच्या मोजमापांतून आले आहेत, आणि आयनांच्या टक्करींचा हिशेब करणारे लोक आजही त्यांच्यापासूनच सुरुवात करतात. कोणत्या जोडीत रिकामी जागा झाली हे कळले, की पुढचे विघटन बऱ्याच अंशी कळते. म्हणून या क्षेत्रातला खरा कळीचा प्रश्न असा: आयन कोणत्या जोडीला हात घालतो?

सावकाश जाणाऱ्या आयनाच्या बाबतीत उत्तर ऊर्जेच्या जुळणीत आहे. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने बांधलेला असतो. पाण्याच्या बाहेरच्या जोडीत तो १२.६ ने बांधलेला आहे. म्हणजे प्रोटॉनला पाण्याकडून घेतलेला इलेक्ट्रॉन आपल्याकडे ठेवताना जेमतेम एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक पडतो. अशी जुळणी असली की अदलाबदल सहज होते, आणि ती बाहेरच्या, बंधाशी संबंध नसलेल्या जोडीतूनच होते. हेलियमचे तसे नाही. हेलियमच्या अणूत इलेक्ट्रॉन २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने धरलेला असतो. पाण्याच्या बाहेरच्या जोडीपासून ही पातळी बारा इलेक्ट्रॉन-व्होल्ट दूर आहे, तिसऱ्या जोडीपासून सहा. मंद गतीने होणाऱ्या देवघेवीत मोठी तफावत पचवायला जागा नसते. म्हणून हेलियमचा आयन बाहेरचे सोडून आतला इलेक्ट्रॉन उचलतो आणि आढ्यालाच हात घालतो. सुरुवातीला सांगितलेल्या कोड्याचे उत्तर एवढेच आहे. मला ते भौतिकशास्त्रातल्या अत्यंत सुंदर उत्तरांपैकी एक वाटते, कारण त्यात शक्तीचा, जोराचा कुठे उल्लेखही नाही.

आयनावरचा भार जास्त असला की चित्र बदलते, आणि इथे अंतराचा मुद्दा पुढे येतो. ऑक्सिजनच्या अणूचे आठपैकी सहा इलेक्ट्रॉन काढून घेतले की उरलेल्या आयनावर सहापट धनभार असतो. असा आयन पाण्याच्या रेणूकडे येऊ लागला, की दोघांच्या मधल्या जागेत इलेक्ट्रॉनला अडवून ठेवणारी ऊर्जेची भिंत हळूहळू खचू लागते. एका ठरावीक अंतरावर ती इतकी खाली येते की बाहेरच्या जोडीतला इलेक्ट्रॉन तिच्यावरून सरळ पलीकडे जाऊ शकतो. नील्स बोर आणि येन्स लिंडहार्ट यांनी १९५४ मध्ये या तऱ्हेचा विचार मांडला. १९८० च्या दशकात तो आणखी नेमका झाला. त्यातून निघणारे सूत्र शाळेतल्या मुलालाही सोडवता येईल इतके साधे आहे. पाण्यासाठी आणि सहापट भाराच्या आयनासाठी ते सोडवले तर हे अंतर साधारण ६.७ अँगस्ट्रॉम येते, म्हणजे ओएच बंधाच्या लांबीच्या सातपट. आयन इतक्या दुरून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, आणि तो मिळालेला इलेक्ट्रॉन त्याच्या तळाच्या कक्षेत न जाता चौथ्या कक्षेच्या आसपास जाऊन बसतो. तिथून तो पायऱ्या उतरत खाली येतो आणि प्रत्येक पायरीला प्रकाश बाहेर पडतो. या उतरण्याकडे पुन्हा यायचे आहे.

वेळेचेही असेच. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने जाणारा आयन एक नॅनोमीटर अंतर अडीच फेम्टोसेकंदांत ओलांडतो. (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक हजार लाख-कोटीवा भाग.) पाण्यातला हायड्रोजन ऑक्सिजनच्या दिशेने एकदा मागे-पुढे व्हायला सुमारे नऊ फेम्टोसेकंद घेतो. म्हणजे इलेक्ट्रॉन जातो तेव्हा रेणूतले अणू जागच्या जागी असतात. आयन निघून गेल्यावर, त्याच्या अनुपस्थितीत, रेणूला आपण बदललो आहोत हे जणू उमगते आणि मग मोडतोड सुरू होते. घेणे आणि मोडणे या दोन घटना वेळेत अशा वेगळ्या पडतात म्हणूनच त्यांचा अभ्यास शक्य झाला आहे. हे दोन टप्पे एकमेकांत गुंतलेले असते तर आजची निम्मी गणिते लिहिताच आली नसती.

इतिहास थोडक्यात. धनभारित कण वाटेत इलेक्ट्रॉन उचलतात हे जी. एच. हेंडरसन यांनी १९२२ मध्ये अल्फा कणांवर (म्हणजे हेलियमच्या केंद्रकांवर) दाखवले आणि दोन वर्षांनी रदरफोर्ड यांनी त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. १९२७ मध्ये एल. एच. थॉमस यांनी जुन्या, न्यूटनच्या यांत्रिकीने त्याचे गणित केले. पुढच्याच वर्षी तरुण ओपेनहायमर यांनी नव्या पुंजयांत्रिकीने ते केले. १९३० मध्ये ब्रिंकमन आणि क्रामर्स यांनी ते पुढे नेले. ही सारी गणिते साध्या अणूंची. पाण्याचा रेणू तीन केंद्रांचा आणि दहा इलेक्ट्रॉनांचा, त्यामुळे त्याची वेळ यायला फार उशीर लागला. प्रोटॉनांनी पाण्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन घेण्याची शक्यता किती, याची भरवशाची मोजमापे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मिळू लागली. टोबुरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९६८ चे काम त्यात महत्त्वाचे. तुकड्यांचा नीट हिशेब लागायला तर २००१ उजाडले, फ्रान्समधल्या ल्योंच्या गटाने २० ते १५० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या प्रोटॉनांसाठी तो दिला तेव्हा.

या मधल्या काळात या विषयाला अचानक आकाशातून बळ मिळाले. मार्च १९९६ मध्ये ह्याकुताके धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे दीड कोटी किलोमीटरवरून गेला. रोझाट या जर्मन उपग्रहाची क्ष-किरण दुर्बीण तेव्हा त्याच्याकडे वळवण्यात आली. क्ष-किरण म्हटले की लाखो अंश तापमानाचा वायू डोळ्यांसमोर येतो; धूमकेतू म्हणजे धुळीने माखलेला बर्फाचा गोळा. त्यातून क्ष-किरण येतील अशी फारशी कुणाला आशा नव्हती. ते आले, आणि भरपूर आले. त्यांचा आकार चंद्रकोरीसारखा होता आणि ती कोर धूमकेतूच्या केंद्रावर नसून सूर्याच्या बाजूला सरकलेली होती. सूर्याचे क्ष-किरण धूमकेतूवर पडून विखुरले असावेत, असे एक स्पष्टीकरण होते, पण त्याने एवढी तीव्रता जुळेना. १९९७ मध्ये थॉमस क्रेव्हन्स यांनी उत्तर सुचवले: हे काम सौरवाऱ्यातल्या जड आयनांचे आहे.

सौरवारा म्हणजे सूर्याच्या बाह्य आवरणातून सतत वाहणारा कणांचा प्रवाह. तो मुख्यतः प्रोटॉनांचा. शंभरांत तीन-चार अल्फा कण. आणि एखादा टक्काही नाही इतके कार्बन, ऑक्सिजन, निऑन अशा जड मूलद्रव्यांचे आयन. पण सूर्याच्या प्रभामंडलाच्या दहा लाख अंश तापमानात त्यांचे बहुतेक इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात. सहापट, सातपट भार घेऊन हे ऑक्सिजन आयन कोट्यवधी किलोमीटर कोऱ्या अवकाशातून येतात. वाटेत इलेक्ट्रॉन द्यायला कुणीच भेटत नाही. मग धूमकेतूभोवती पसरलेल्या पाण्याच्या वाफेत शिरतात, आणि सात अँगस्ट्रॉमवरूनच पहिला इलेक्ट्रॉन ओढून घेतात. सातपट भाराच्या आयनात तो पाचव्या कक्षेच्या आसपास येतो, खाली उतरतो, आणि शेवटच्या मोठ्या पायरीला ५६० ते ५७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा क्ष-किरण सुटतो. कोर सूर्याच्या बाजूला का, हेही यातून सुटते: आयन त्या बाजूने येतात आणि केंद्रापर्यंत पोहोचण्याआधीच आपला भार खर्चून बसतात. २००० साली चंद्रा दुर्बिणीने लिनिअर धूमकेतूच्या वर्णपटात ऑक्सिजनच्या रेषा वेगळ्या काढून दाखवल्या. चंद्रा हे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून, हे वाचकांना ठाऊक असेलच. पुढे प्रयोगशाळांत असेच आयन पाण्याच्या वाफेवर आणि इतर वायूंवर सोडून हे वर्णपट पुन्हा निर्माण केले गेले. ज्या शांत, कंटाळवाण्या वाटणाऱ्या मोजमापांकडे एरवी चार तज्ज्ञ सोडून कुणी पाहिले नसते, त्यांची खगोलशास्त्रज्ञांना एकाएकी निकड भासली.

रोझेटा यानाने हीच देवघेव अगदी जवळून पाहिली. २०१४ ते २०१६ या काळात ते चुर्युमोव-गेरासिमेंको धूमकेतूच्या सोबत होते. सौरवाऱ्यातले सगळे आयन जवळजवळ एकाच वेगाने येतात, त्यामुळे एका भाराला किती ऊर्जा, हे मोजणाऱ्या उपकरणात प्रोटॉन एका जागी दिसतो, दुप्पट भाराचा आणि चौपट वस्तुमानाचा अल्फा कण त्याच्या दुप्पट जागी, आणि एकच भार उरलेला हेलियम चौपट जागी. सूर्याकडून एकभारी हेलियम जवळजवळ येत नाही. म्हणून चौपट जागी दिसलेला प्रत्येक कण म्हणजे वाटेत पाण्याच्या रेणूकडून एक इलेक्ट्रॉन घेतलेला अल्फा कण. स्वीडनमधल्या किरूना इथल्या अवकाश भौतिकी संस्थेने बांधलेल्या उपकरणाने असे कण मोजले, आणि त्यांच्या प्रमाणावरून धूमकेतू किती वाफ सोडतो आहे याचा अंदाज बांधता आला. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. धूमकेतूभोवतीचे पाणी फुटते ते मुख्यतः सूर्याच्या अतिनील प्रकाशाने. आयनांचा त्यातला वाटा लहान आहे. लोकप्रिय लेखनात कधीकधी सौरवारा धूमकेतूचे पाणी फोडून टाकतो असे चित्र रंगवले जाते. ते अतिरेकी आहे.

आता एकाऐवजी दोन इलेक्ट्रॉन गेले तर काय होते? पाण्याच्या रेणूवर दोन धनभार आले की तो टिकत नाही. दोन भार एकमेकांना ढकलतात आणि रेणू आतून उसळून फुटतो. याला कुलोम स्फोट म्हणतात. ०.९६ अँगस्ट्रॉम अंतरावर बसलेल्या दोन एकेरी धनभारांची परस्परऊर्जा १५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते. प्रत्यक्षात उरलेले इलेक्ट्रॉन थोडा आडोसा करतात म्हणून तुकड्यांना त्याहून कमी मिळते. सामान्यतः एक हायड्रोजन आयन आणि एक ओएच आयन असे दोन तुकडे होतात, आणि संवेग अक्षय्यतेच्या नियमाने ऊर्जेचे अठरा भाग केले तर सतरा हलक्या हायड्रोजनच्या वाट्याला येतात. कधी दोन्ही हायड्रोजन आयन होऊन जातात आणि ऑक्सिजनचा अणू मागे राहतो. तीन इलेक्ट्रॉन गेले तर तिन्ही तुकडे भारित.

हे सगळे मोजतात कसे, यावर मी पुढे एक संपूर्ण प्रकरण खर्च केले आहे, कारण उपकरण समजल्याशिवाय आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा हे समजत नाही. मूळ कल्पना अशी. ऊर्ध्वपातित पाणी एका लहान पात्रात घेतात. ते गोठवून, वरची हवा काढून, पुन्हा वितळवतात, म्हणजे विरघळलेले वायू निघून जातात. मग त्याची वाफ बारीक सुईतून निर्वात कक्षात सोडतात. तिला आडवा छेदून आयनांचा झोत जातो. टक्कर झाली त्या जागेवर विद्युतक्षेत्र असते; धनभारित तुकडे त्याने ओढले जाऊन दूरच्या डिटेक्टरवर आदळतात. हलका तुकडा लवकर पोहोचतो, जड उशिरा, आणि लागणारा वेळ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. हायड्रोजन आयनाला एक एकक वेळ लागत असेल तर ऑक्सिजनला चार, ओएचला ४.१२ आणि अख्ख्या पाण्याच्या आयनाला ४.२४. शेवटचे तीन किती जवळजवळ आहेत ते पाहा. त्यातच कुलोम स्फोटातून निघालेले हायड्रोजन इतक्या वेगात असतात की विद्युतक्षेत्र कमी असेल तर ते डिटेक्टर चुकवून भिंतीवर जातात. जुन्या प्रयोगांत हायड्रोजन आयनांची संख्या कमी लागण्याचे हे एक कारण. दुसरी अडचण पाण्याची खास आहे: कितीही चांगला पंप लावला तरी निर्वात कक्षाच्या पोलादी भिंतींना चिकटलेले पाणी दिवसेंदिवस सुटत राहते. लक्ष्य कोणते आणि कचरा कोणता, हे ठरवायला वाफ बंद करून पुन्हा सगळे मोजावे लागते.

१९९० च्या दशकात या तंत्राने मोठी उडी घेतली. तुकडा कधी आला याबरोबर तो डिटेक्टरवर कुठे पडला हेही नोंदवता येऊ लागले, आणि एकाच रेणूचे सगळे तुकडे एकत्र पकडता येऊ लागले. वेळ आणि जागा मिळाली की तिन्ही दिशांतला संवेग काढता येतो, म्हणजे फुटण्याच्या क्षणी रेणू कसा होता हे उलट गणिताने सांगता येते. जर्मनीतल्या बिलेफेल्डच्या गटाने १९९५ मध्ये पाण्याच्या अशा विघटनाचे त्रिमित चित्र प्रसिद्ध केले. फ्रान्समधल्या काँ इथे तर एक हायड्रोजन आणि एक ड्युटेरियम असलेले पाणी घेतले गेले. दोन्ही बंध रासायनिकदृष्ट्या सारखेच; फरक फक्त वस्तुमानाचा. तरी दोन भार आल्यावर हायड्रोजनचा बंध ड्युटेरियमच्या बंधापेक्षा कितीतरी पट अधिक वेळा तुटला. हलका हायड्रोजन आधी हलतो, आणि तो पुरेसा दूर गेला की जड ड्युटेरियमला सुटायची संधीच उरत नाही. एवढ्या थोड्या वेळात, अशा स्फोटातसुद्धा, कोण आधी निघाला याला महत्त्व आहे हे या प्रयोगातून मी शिकलो, आणि विद्यार्थ्यांना शिकवताना नेहमी इथूनच सुरुवात करतो.

वेग वाढला की गोष्टी पालटतात. प्रोटॉनची ऊर्जा साधारण ५० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली असेपर्यंत तो इलेक्ट्रॉन मुख्यतः स्वतःकडे घेतो. त्यापुढे इलेक्ट्रॉन त्याच्याबरोबर धावू शकत नाही. तो नुसता बाहेर फेकला जातो आणि मोकळा फिरतो. ऊर्जा दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टला पोहोचेपर्यंत ग्रहण, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वतःकडे घेणे, जवळजवळ नाहीसे होते. आणि वेगवान कण ऊर्जेची जुळणी पाहत नाही, तो आतल्या जोड्यांनाही हात घालतो.

याचा उपयोग कुठे होतो हे सांगायला ब्रॅगपासून सुरुवात करावी लागते. विल्यम हेन्री ब्रॅग यांनी १९०४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अॅडलेडला पाहिले की अल्फा कण आपल्या वाटेच्या शेवटी सर्वांत जास्त आयन तयार करतात. १९४६ मध्ये रॉबर्ट विल्सन यांनी सुचवले की वेगवान प्रोटॉनांचा हा गुण शरीरात खोलवर असलेल्या गाठींसाठी वापरावा. १९५४ मध्ये बर्कलीत रुग्णांवर प्रोटॉन वापरले गेले. १९९४ पासून जपानमधल्या चिबाला कार्बन आयनांनी उपचार होऊ लागले. आपल्याकडे टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर इथल्या केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचार दिले जातात. १५० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन पाण्यात सुमारे १६ सेंटिमीटर जातो. या सोळा सेंटिमीटरमधल्या जवळजवळ सगळ्या वाटेवर ग्रहणाला काहीच स्थान नाही. ते सुरू होते ते अगदी शेवटी, ऊर्जा शंभर किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास उतरल्यावर. उरलेली वाट तेव्हा दीड मायक्रोमीटरच्या आसपास असते, पेशीच्या केंद्रकापेक्षाही लहान. पण या टप्प्यातच, ८० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला, प्रत्येक मायक्रोमीटरमागे सोडली जाणारी ऊर्जा सर्वोच्च असते. तिथे हा कण इलेक्ट्रॉन घेतो, पुढच्या टक्करीत गमावतो, पुन्हा घेतो. कधी प्रोटॉन असतो, कधी हायड्रोजनचा उदासीन अणू.

या विषयावरचे बरेच शोधनिबंध आपल्या पहिल्याच परिच्छेदात कर्करोगाचे नाव घेतात. मला ते योग्य वाटत नाही. रुग्णाला किती मात्रा द्यायची हे ठरवताना डॉक्टर पाण्याच्या एका रेणूचे तुकडे मोजत नाहीत, आणि त्यांना ते मोजावेही लागत नाहीत. या मोजमापांचा खरा उपयोग एक पायरी अलीकडे आहे: कणाच्या मागावर, काही नॅनोमीटरच्या परिसरात, किती मुक्त मूलके आणि किती इलेक्ट्रॉन तयार होतात, हे संगणकावर पाऊल-पाऊल मोजणाऱ्या प्रणालींना हे आकडे लागतात. ते चुकले तर डीएनएच्या इजेचा सगळा पुढचा हिशेब चुकतो. एवढा दावा पुरेसा आहे आणि तो खरा आहे.

भारतात या विषयावर काम झाले आहे आणि होत आहे, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगायला हवे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पेलेट्रॉन हा कणवेगवर्धक चालू आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ती संस्था यांचा तो संयुक्त प्रकल्प. तिथे सगळे इलेक्ट्रॉन काढून टाकलेले कार्बन आणि ऑक्सिजनचे आयन पाण्याच्या वाफेवर सोडून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या कोनांत मोजले गेले आहेत. मंद, जास्त भाराच्या आयनांसाठी त्याच संस्थेत वेगळा आयनस्रोत आहे. दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय प्रवेगक केंद्रात रेणूंच्या विघटनाचे प्रयोग होतात. बीएस्सी-एमएस्सीच्या विद्यार्थ्याने यासाठी परदेशाकडेच पाहण्याची गरज नाही.

शेवटी या सगळ्या कामावरची सर्वांत मोठी शंका, जी माझीही आहे. आपण मोजतो वाफ, आणि शरीरात असते द्रव पाणी. वाफेत बाहेरच्या जोडीतला इलेक्ट्रॉन गेलेला रेणू शाबूत राहतो असे मी वर म्हटले. द्रवात तो शाबूत राहत नाही. शेजारच्या रेणूला तो आपला एक प्रोटॉन देऊन टाकतो आणि स्वतः ओएच हे मूलक होऊन उरतो. २०२० मध्ये क्ष-किरण लेसरने केलेल्या मोजणीत या हस्तांतराला ५० फेम्टोसेकंदांहूनही कमी वेळ लागल्याचे दिसले. म्हणजे वाफेतला शाबूत आणि फुटलेला हा भेद द्रवात तसाच्या तसा टिकत नाही. मग कोणती जोडी गेली याने द्रवात काही फरक पडतो का? मला वाटते पडतो, पण वेगळ्या जागी. एकाच रेणूतून दोन-तीन इलेक्ट्रॉन गेले तर ऑक्सिजनचा सुटा अणू मोकळा होऊ शकतो, आणि कार्बनसारख्या जड आयनांच्या मागावर असे बरेच घडत असावे. गाठीच्या आतल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या पेशी साध्या क्ष-किरणांना दाद देत नाहीत, पण जड आयनांना देतात, हे उपचारांत दीर्घकाळ पाहिले गेले आहे. मागावरच ऑक्सिजन तयार होत असल्याने असे होते का, हा विचार फ्रान्समधल्या संशोधकांनी गेल्या वीस वर्षांत पुढे आणला. तो अजून सिद्ध नाही. द्रव पाण्याची केसासारखी बारीक धार निर्वातात सोडून तिच्यावर आयन मारण्याचे प्रयोग सुरू झाले आहेत, पण धारेतून तुकडे बाहेर येईपर्यंत त्यांचे अनेकदा रूपांतर झालेले असते. त्यामुळे एका रेणूतून दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन एकदम जाण्याचे प्रमाण आजही वाफेवरच्या मोजणीतून घेऊन द्रवाच्या गणितात घातले जाते. शेवटच्या दोन प्रकरणांत हे आकडे कसे मिळवले जातात, एका प्रयोगशाळेचे दुसरीशी कुठे पटत नाही, आणि न पटण्याचे कारण उपकरणात आहे की पाण्यात, याची चर्चा आहे.